मालकी विसरून वसलेलं शहर

कामानिमित्त परदेशी गेलेल्याच्या वाट्याला शहर तुकड्यातुकड्यांनी येतं. दिवस बैठकांचा, संध्याकाळ आणि एखादा रविवार तेवढा आपला. कंबोडियाची राजधानी नोम पेन्ह मी अशीच पाहिली. तिथल्या रस्त्यांना क्रमांक आहेत. विषम क्रमांकाचे रस्ते साधारण उत्तर-दक्षिण, सम क्रमांकाचे पूर्व-पश्चिम. नवखा माणूसही लवकर सरावतो. घरांचे क्रमांक मात्र उड्या मारतात, एकच क्रमांक त्याच रस्त्यावर पुन्हा भेटतो. टुकटुकवाले घर क्रमांकाच्या फंदात पडत नाहीत. जवळचा विहार कोणता, बाजार कोणता, ते विचारतात. हे शहर एकदा संपूर्ण रिकामं होऊन पुन्हा भरलं आहे, हे ध्यानात आल्यावर त्या उड्यांचं मला नवल वाटेनासं झालं.

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेचे सैनिक शहरात शिरले आणि काही दिवसांत त्यांनी सगळी वस्ती खेड्यांकडे हाकलली. युद्धामुळे आसऱ्याला आलेल्या निर्वासितांसह ती २० लाखांच्या घरात होती. इस्पितळांतले रुग्णसुद्धा सुटले नाहीत. चलन रद्द झालं, राष्ट्रीय बँकेची इमारत स्फोटानं उडवली गेली. १९३७ साली फ्रेंच राजवटीत बांधलेला मोठ्या घुमटाचा बाजार जागेवर उभा राहिला, पण विकणारा नव्हता आणि घेणाराही नव्हता. जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामी फौजांनी ती राजवट उलथवली आणि माणसं हळूहळू आत आली. त्यांत जुने रहिवासी थोडे, खेड्यांतून आलेले बरेच. जे घर मोकळं दिसलं त्यात बिऱ्हाड मांडलं गेलं.

पुढे १९८९ मध्ये खासगी मालकी परत आली, तेव्हा एक विलक्षण निर्णय झाला. १९७९ पूर्वीचे मालकी हक्क मानायचे नाहीत. २००१ च्या जमीन कायद्यानंही तेच कायम ठेवलं. तिथल्या कार्यालयातल्या एका सहकारी बाईंचं कुटुंब अशाच घरात राहतं. एकदा परदेशातून एक वृद्ध गृहस्थ आले, घर आपल्या वडिलांचं होतं म्हणाले, चहा घेतला, जिना पाहिला आणि गेले. ‘आम्ही त्यांना काय सांगणार होतो?’ एवढंच बाई बोलल्या. सातबाऱ्यावरच्या एका नावासाठी तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या मुलखातून मी गेलो होतो. मला तो चहा पचायला वेळ लागला.

पण हेच शहर विसरभोळं नाही. ११३ क्रमांकाच्या रस्त्याजवळ तुओल स्लेंग आहे. ती मुळात शाळा. ख्मेर रूजनी तिचा तुरुंग केला, वर्गांत विटांच्या कोठड्या घातल्या, कैदी आला की त्याचा फोटो काढून ठेवला. १४ हजारांहून अधिक माणसं तिथून गेली, वाचली ती मोजकीच. त्या तुरुंगाचा प्रमुख, डुख या नावानं ओळखला जाणारा, पूर्वाश्रमीचा गणिताचा शिक्षक होता. १९७९ पासूनच तिथं संग्रहालय आहे आणि ते चेहरे अजून भिंतींवर आहेत. घर कोणाचं होतं हे शहरानं पुसून टाकलं. माणूस कोण होता हे मात्र जपलं. उद्ध्वस्त समाजाला उभं राहायला दोन्ही लागत असावं, असं मला वाटलं. मागचे सगळे हक्क उकरले असते, तर जिवंत माणसांना डोक्यावर छप्पर उरलं नसतं आणि चेहरेही पुसले असते, तर त्या छपराखाली राहण्यात शरम उरली नसती.

हा निष्कर्ष मनात घेऊन मी एका रविवारी बोअुंग काक भागात गेलो. तिथं एके काळी मोठं तळं होतं आणि काठानं वस्ती. २००७ मध्ये तो परिसर ९९ वर्षांच्या करारानं एका कंपनीला दिला गेला, तळं वाळूनं भरलं आणि हजारो कुटुंबांना उठवलं. तिथल्या बायकांनी वर्षानुवर्षं आंदोलन केलं, काहींनी तुरुंगवास भोगला. २००१ च्या कायद्यात पाच वर्षं शांतपणे ताब्यात असलेल्या जागेवर हक्क सांगायची सोय होती. याच आधारावर त्या जागा मागत होत्या.

म्हणजे ज्या तत्त्वानं हे शहर पुन्हा वसलं, तेच त्या बोलून दाखवत होत्या. राहतो त्याचं घर. १९८९ मध्ये सरकारनं राहणाऱ्याला जुन्या कागदापेक्षा मोठं मानलं. १८ वर्षांत नवा कागद राहणाऱ्यापेक्षा मोठा झाला. विसरणं शहाणपणाचं की सोयीचं, हे कोण विसरतं यावर ठरत नाही. त्यातून घर कोणाला मिळतं आणि कोणाचं जातं, यावर ठरतं.