तारेवरचा सीमास्तर

घर्षणरहित द्रवातून एकसमान वेगाने जाणाऱ्या पदार्थाला मुळीच प्रतिरोध होऊ नये, असा निष्कर्ष दालांबेर यांनी 1752 साली गणिताने काढला. वैनगंगेत नाव घालणारा कोणताही ढीवर तो ऐकून हसला असता, पण गणितात खोट सापडेना. पुढे नाव्हिये आणि स्टोक्स यांनी श्यानतेसह समीकरणे मांडली खरी, तथापि ती सोडविणे इतके दुष्कर ठरले की गणितज्ञांचे दप्तर एकीकडे आणि अभियंत्यांचा हिशेब दुसरीकडे, असा शिरस्ता दीर्घकाळ चालू राहिला.

ऑगस्ट 1904 मध्ये हायडेलबर्गच्या गणितज्ञ-परिषदेत लुडविग प्रांट्ल यांनी वाचलेल्या छोट्याशा निबंधाने हा मामला मार्गी लावला. पृष्ठभागाला टेकलेला द्रव त्याला चिकटून स्थिर राहतो, थोड्याच अंतरावर त्याला प्रवाहाचा पूर्ण वेग येतो, आणि श्यानतेचा सारा अंमल या दोहोंमधल्या पातळ स्तरापुरताच, म्हणजे सीमास्तरापुरताच, असतो, म्हणून बाहेरच्या प्रवाहाला आदर्श मानण्यास हरकत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. 1908 साली त्यांचे शिष्य ब्लाझियस यांनी सपाट पट्टीवरील घर्षण काटेकोर काढून दिले. उष्णतेच्या बाबतीत, ती आणि संवेग एकाच यंत्रणेने वाहून नेले जातात हे रेनॉल्ड्स यांनी 1874 मध्येच ओळखले होते; त्या साम्याला सीमास्तराच्या भाषेत गणिती रूप 1921 साली एर्न्स्ट पोलहाउसेन यांनी दिले. प्रांट्ल यांच्याच हाताखाली गटिंगेनला डॉक्टरेट मिळविणारे विष्णू माधव घाटगे पुढे बंगळुरात हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये विमानरचना करू लागले, आणि त्यांचे एचटी-2 हे शिकाऊ विमान 1951 साली उडाले. जर्मनीतल्या त्या छोट्या निबंधाची परंपरा इतक्या लवकर मराठी माणसाच्या हाती आली, याचा उल्लेख आपल्याकडे फारसा होत नाही, ही मला खंत वाटते.

परंतु या विचाराने एक मुभा गृहीत धरली होती: स्तर इतका पातळ की त्याखालचा पृष्ठभाग सपाट मानावा. विमानाच्या पंखावर ती मुभा खपते; बारीक दंडगोलावर खपत नाही. बालाघाट जिल्ह्यात परसवाड्याच्या पठारावर एखाद्या सरळ तारेच्या लांबीनेच वारा वाहत आहे, अशी कल्पना करावी. सेकंदाला एक मीटर वेगाच्या संथ वाऱ्यात, पट्टीचे सूत्र लावल्यास, तारेच्या आरंभापासून एक मीटर अंतरावर स्तराची जाडी सुमारे दोन सेंटिमीटर भरते, आणि तारेची त्रिज्या मात्र दीड मिलिमीटर! (खरा वारा असा सुशील नसतो, पण हिशेबापुरते तसे मानू.) आपल्या आधारापेक्षा दहा पटींहून जाड असलेल्या थराला पातळ म्हणणे हा निव्वळ सौजन्याचा भाग झाला.

1951 मध्येच सेबन आणि बाँड यांनी दंडगोलाच्या अक्षाला समांतर प्रवाहाचा प्रश्न हाती घेतला, घर्षण आणि उष्णता-संक्रमण दोहोंसाठी पट्टीच्या उत्तरात वक्रतेच्या दुरुस्त्या जोडल्या, आणि 1954 साली केली यांनी त्यांच्या आकड्यांत सुधारणा केली. दुरुस्तीचे कारण मोठे सुबोध आहे: तारेभोवतीची वलये बाहेर जाताना रुंदावत जात असल्याने तीच ओढ उत्तरोत्तर मोठ्या परिघावर वाटली जाते, बाहेर वेगाचा उतार मंदावतो आणि तारेलगत तो तीव्र होतो; म्हणून तितक्याच अंतरावरील पट्टीपेक्षा तारेच्या एकक क्षेत्रावर घर्षण अधिक, आणि उष्णतेची देवघेवही अधिक.

तरीही ही दुरुस्ती दंडगोलाच्या आरंभाच्या भागातच लागू पडते, कारण पुढे स्तर जाडावत गेला की दुरुस्तीच मूळ उत्तराहून मोठी होऊ लागते. ग्लाउअर्ट आणि लाइटहिल यांनी 1955 साली म्हणून पट्टीचा आधारच सोडला आणि तारेलगतचा वेग अक्षापासूनच्या अंतराच्या लॉगॅरिदमप्रमाणे वाढतो असे धरून आरंभ केला. त्यांच्या मते दूरवर घर्षण वर्गमुळाच्या प्रमाणात घटत नाही, लॉगॅरिदमच्या अतिमंद चालीने घटते, आणि लांबच लांब बारीक तारेवर ते पट्टीच्या हिशेबाने निघते त्यापेक्षा कितीतरी अधिक राहते.