अनुमोदनाचे उत्तरदायित्व

पतंजलींनी योगसूत्रांच्या द्वितीय पादात हिंसादी दोषांचे स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि केवळ अनुमोदिलेले असे जे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि जैन आचार्यांनी आपल्या व्रतविचारात ज्या त्रयीला फार मोठे स्थान दिले आहे, त्यांपैकी तिसऱ्या प्रकाराचे गांभीर्य पूर्वीच्या मनुष्याला सहसा जाणवत नसे. कारण अनुमोदन हे मनातल्या मनात उमटून तेथेच विरून जाई. आज मात्र फेसबुकवर अंगठ्याची खूण उमटविताच, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूर पुढे धाडताच, त्या अनुमोदनाची तारीखवार नोंद होते आणि प्रसंगी ती फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून रुजू होते. म्हणून अनुमोदन हे कर्म आहे काय, आणि असल्यास त्याचा जाब कोणी विचारावा, न्यायाधीशाने की ज्याच्या त्याच्या विवेकाने, हा प्रश्न आता केवळ शास्त्रचर्चेचा राहिलेला नाही.

नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळण्यात आलेल्या बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिणाऱ्या पालघरच्या एका तरुणीला अटक झाली, आणि तिच्याबरोबर, त्या ओळींना केवळ पसंती दर्शविणाऱ्या तिच्या मैत्रिणीलाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६ अ या कलमाचा आधार त्या वेळी घेण्यात आला, त्यात दुसऱ्याला त्रास वा गैरसोय होईल अशा मजकुरासाठी तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद होती. या शब्दांची व्याप्ती इतकी संदिग्ध होती की, कोणाचेही अप्रिय मत तिच्यात बसविता यावे. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरविले आणि चर्चा, प्रतिपादन व चिथावणी यांतील भेद स्पष्ट केला. हा निर्णय मला केवळ कायद्याच्याच नव्हे, तर धर्माच्या दृष्टीनेही योग्य वाटतो. कारण वाणीचा संयम हे तप आहे, आणि शिपायाच्या धाकाने करविलेल्या तपाला तप म्हणता येत नाही.

परंतु याच महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे दुसरे दृश्य पाहिले. मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाइलवरून सर्वत्र फिरत असताना, भिक्षेवर निर्वाह करणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. ज्यांनी हात उचलला त्यांच्यावर खटला भरता येतो. पण त्या अफवा सावधगिरीची सूचना समजून, शहानिशा न करता पुढे धाडणारे असंख्य लोक आपापल्या घरी निश्चिंत होते, आणि त्यांपैकी प्रत्येकाला शोधून काढणे कोणत्याही सरकारच्या आवाक्यातले नव्हते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल, अशी मर्यादा घातली. तथापि अशा मर्यादेने अफवेचा वेग मंदावला, तरी ती पुढे धाडणाऱ्याच्या मनात सत्याविषयी आस्था उत्पन्न होत नाही.

अनुमोदनाची सीमा कोठे आखावी, याचा शोध न्यायालये घेतच आहेत. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये, मजकूर पुढे पाठविणाऱ्याला त्याच्या परिणामांची जबाबदारी टाळता येत नाही, असे म्हटले. उलट अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये, निव्वळ पसंती दर्शविणे म्हणजे प्रसिद्ध करणे किंवा प्रसारित करणे नव्हे, असा निर्वाळा दिला. बदनामीच्या बाबतीत तर कायदा गीतेच्या सतराव्या अध्यायातील वाङ्मय तपाच्या अगदी निकट येऊन पोहोचतो. वाणी सत्य असावी, तशीच ती हितकरही असावी, अशी गीतेची अपेक्षा आहे. आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमातही, केवळ मजकूर खरा होता एवढ्या सबबीवर आरोपीची सुटका होत नाही, तो प्रसिद्ध करण्यात लोकहित होते हेही दिसावे लागते. दोहोंत फरक इतकाच की, कायदा हा प्रश्न शब्द सुटल्यानंतर विचारतो आणि धर्म तो सुटण्यापूर्वी विचारतो.

म्हणून माझा निष्कर्ष असा आहे की, केवळ अनुमोदनासाठी कोणाला कैदेत टाकण्याचा अधिकार आपण शासनाला देऊ नये. तो दिल्यास पालघरची पुनरावृत्ती होईल. मात्र जे कायद्याने दंडनीय नाही ते निर्दोषच आहे, असेही आपण समजू नये. तसे समजल्यास पुन्हा राईनपाडा घडेल. वाचकहो, पुढचा मजकूर पाठविण्यापूर्वी तो खरा आहे काय आणि त्याने कोणाचे हित होणार आहे, एवढे दोन प्रश्न स्वतःला विचारा; आणि उत्तर मिळेपर्यंत तो मजकूर आपल्यापाशीच थांबवा.