दर्शनी बाजू

बीडची खजाना विहीर दाखवायला नेलेला पाहुणा हमखास विचारतो, "एवढंच?" निजामशाहीच्या काळात, १५८२च्या सुमारास, सलाबत खानानं ती राजा भास्कर यांच्याकडून बांधून घेतली. तिचं खरं बांधकाम जमिनीखाली आहे: पाणी आत आणणारी आणि शेतांकडे नेणारी भुयारं. या वास्तूला दर्शनी बाजूच नाही.

अठराव्या शतकातली फ्रेंच वास्तुचित्रं पाहताना मला ही विहीर आठवते. ब्लोंदेलच्या १७५२ ते १७५६ दरम्यान निघालेल्या ग्रंथात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या दर्शनी चित्रांबरोबर तलनकाशे आणि छेदही आहेत. छेद म्हणजे इमारत उभी कापली आहे असं मानून काढलेलं चित्र. असं दृश्य कुणाच्याही डोळ्यांना दिसत नाही, तरी ते खोटं नसतं. जिना कुठून चढतो, भार कशावर टेकतो, हे तिथंच कळतं.

१८०३मध्ये लंडनला वेरूळची २४ छापील चित्रं प्रसिद्ध झाली. ती देखणी दृश्यं आहेत. शीर्षकात जेम्स वेल्स आणि थॉमस डॅनियल यांची नावं आहेत. वेल्सबरोबर काम केलेले, पुण्याच्या रेसिडेंट मॅलेटसाठी वेरूळची रेखाटनं करणारे गंगाराम चिंतामण तांबट त्यात नाहीत. त्यांची चित्रं आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहालयात आहेत. शीर्षक हीसुद्धा पुस्तकाची दर्शनी बाजूच.

इथं कुणाची लबाडी शोधायची गरज नाही. समोरून पाहण्याची सवय पुरेशी असते. ‘मला दिसलं नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुधा खरंच बोलत असतो. प्रश्न असा, की तेवढ्या खरेपणानं आपली जबाबदारी संपते का?

आमच्या जिल्ह्यातली कितीतरी गावं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीसाठी ओस पडतात. साखरेच्या पोत्यावर कारखान्याचं नाव असतं. चहात साखर घालताना मलाही कोयता दिसत नाही. प्रत्येक घोटाला तो आठवत बसलं तर जगणं अवघड होईल, हेही खरं. पण छेद काढायला काही मोडावं लागत नाही. कुणीतरी आत उतरून मोजावं लागतं, एवढंच. न दिसणं हा डोळ्यांचा दोष नाही. न उतरणं मात्र आपण निवडलेलं असतं.

हल्ली पाहुण्यानं ‘एवढंच?’ विचारलं, की मी काठीनं मातीत भुयारं काढून दाखवतो. रेघा वेड्यावाकड्याच येतात. पण मग तो विहिरीत वाकून पाहतो.