दुसऱ्या दिवसाची सुट्टी

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या लोहाऱ्यात पोळा फुटला की चार दिवसांनी गणपती बसतो. मधले दिवस तान्ह्या पोळ्याचे, करीचे आणि वर्गणीच्या पावत्यांचे. या गणपतीला इथे कोणी 'मराठी' म्हणत नाही; म्हणायची वेळच येत नाही. पुढे नवरात्रात यवतमाळात दुर्गेचे मंडप पाहायला जिल्हा लोटतो. कोलकात्यानंतर आपलाच नंबर, असे यवतमाळकर छातीठोकपणे सांगतात. पण ती देवी बंगाली आहे का, हा प्रश्न कोणाला पडत नाही.

मॉरिशसमध्ये मात्र गणपती मराठी आहे. तिथल्या सरकारी सुट्ट्यांच्या यादीत शिवरात्र हिंदी-भोजपुरी परंपरेतल्या हिंदूंची, कावडी तमिळांची, उगादी तेलुगूंची, वसंतोत्सव चिनी लोकांचा. शिवाय ईद, दिवाळी, नाताळ. कॅथलिकांच्या दोन सणांना आळीपाळीने सुट्टी मिळते: एका वर्षी १५ ऑगस्टला, पुढच्या वर्षी १ नोव्हेंबरला. पर्यटनाची माहितीपत्रके याला इंद्रधनुष्य म्हणतात. मला ती वाटणी दिसते, भावाभावांनी शेत वाटून मधे धुरा घातल्यासारखी. वाटणी म्हटले की आपण नाक मुरडतो. पण ज्याच्या वाट्याला चार गुंठेच येतात, त्याला विचारा धुऱ्याची किंमत.

या बेटावरच्या मराठी माणसाचा वाटा तेवढाच आहे. १८३४पासून करारावर मजूर नेले जाऊ लागले, त्यांत कोकणातली बरीच माणसे मुंबई बंदरातून गेली. ऊसमळ्यांत पिढ्या गेल्या, घरात क्रिओल रुळली. राज्यघटनेने निवडणुकीसाठी समाज मोजले ते चार: हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि उरलेले सगळे 'सर्वसाधारण'. त्या मोजणीचा आधार अजून १९७२ची जनगणना. पुढच्या जनगणनांनी हा प्रश्न विचारणेच सोडून दिले. त्या चारांत मराठी कुठे? हिंदूंच्या पोटात. घटनेने जे वेगळे धरले नाही, ते कॅलेंडरने धरले. म्हणून तिथे गणपतीची सुट्टी ही नुसती आरामाची सोय नाही. आम्हीही इथे आहोत याची ती सरकारी नोंद आहे.

त्या नोंदीत एक गंमत आहे. २०२२मध्ये चतुर्थी ३१ ऑगस्टला होती, सुट्टी होती १ सप्टेंबरला. २०२३मध्येही तसेच, १९ आणि २० सप्टेंबर. सुट्टी दुसऱ्या दिवसाची, विसर्जनाची. कोकणातला दीड दिवसाचा गणपती समुद्रापार जाऊन सरकारी राजपत्रात बसला. कोकणची जाखडीही तिथे 'झाकरी' होऊन नाचली जाते. पोळ्याला त्या यादीत जागा नाही. विदर्भाचा माणूस म्हणून मला हे थोडे लागते, पण तक्रार कोणाकडे करणार? जे गेले त्यांनी आपले नेले.

याची दुसरी बाजूही आहे. एकदा सणावर समाजाचे नाव कोरले की त्यात मोकळेपणाने शिरणे अवघड होते. शेजारी येतो, पण पाहुणा म्हणून. यवतमाळच्या मंडपात कोणीच पाहुणा नसतो. आता हा मोकळेपणा आपल्या मनाच्या मोठेपणातून आला, असे मात्र मी म्हणणार नाही. आपण इथे बहुसंख्य आहोत. मोजले जाण्याची धास्ती आपल्याला नाही.

ती धास्ती इथे दुसऱ्यांना आहे. आपल्याच जिल्ह्यात कोलाम आहेत, गोंड आहेत, बंजारा तांडे आहेत. कोलामांची भाषा घरातूनच ओसरत चालली आहे. जिल्हाधिकारी दरवर्षी तीन स्थानिक सुट्ट्या जाहीर करतात. त्यांत बंजाऱ्यांची तीज असावी किंवा गोंड-कोलामांच्या दंडारीचा एखादा दिवस असावा, यावर आमच्या चहाच्या टपरीवर मी कधी वाद ऐकलेला नाही. पोळ्याची सुट्टी आदल्या दिवशी हवी की करीला, यावर मात्र तासभर ऐकला आहे.