ज्याला उठून जाता येत नाही

मामा : घे, पोतंभर ढलप्या आणल्यात. पॅकिंगच्या पाइनच्या खोक्यांना रंधा मारला, त्या. सशाखाली अंथर. वास बघ किती छान येतोय!

मुक्ता : त्या वासाचीच भीती आहे, मामा. तो वास म्हणजे लाकडातून उडणारी रसायनं. 1967 साली अमेरिकेतल्या एलियट वेसेल यांनी दाखवलं, की सीडर-पाइनसारख्या मऊ लाकडाच्या ढलप्यांवर ठेवलेल्या उंदरांच्या यकृतात औषधं मोडणारी विकरं वाढतात.

मामा : उंदरांच्या ना? ससा काही उंदीर नव्हे. आणि भट्टीत वाळवलेल्या लाकडातली ती रसायनं बरीच उडून जातात. यकृताचं काम वाढलं म्हणजे जनावर आजारी पडलंच, असंही नाही.

मुक्ता : मान्य. ससा यानं अमुक आजारानं दगावतो, असं मी छातीठोकपणे नाही सांगणार.

मामा : मग पुराव्याशिवाय नाही का म्हणतेस?

मुक्ता : कारण पुरावा कुणी द्यायचा, हाच मुद्दा आहे. पॉलिशचा वास सोसेना की तू कारखान्याबाहेर येऊन उभा राहतोस. ससा श्वास घेतो तो नाकानंच, आणि ते नाक दिवसभर अंथरुणाला टेकलेलं. ज्याला उठून जाता येत नाही, त्याच्याखाली अंथरणाऱ्यानं ‘अपाय सिद्ध करा’ म्हणू नये. निर्धोक असल्याची खात्री त्यानंच आधी करून घ्यावी.

मामा : मग सशालाच विचार की! दोन ट्रे ठेव, एकात ढलप्या, एकात कागद. बसेल तिथे त्याची पसंती. तू त्याच्या वतीनं ठरवतेस, हीसुद्धा मालकीच झाली.

मुक्ता : हे मला पटतं, पण अर्धंच. मुतायचा कोपरा त्यानं निवडला, मी ट्रे तिथे नेला. मऊ काय, टोचतं काय, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण मांजरासाठीची गोळे होणारी वाळू ठेवली, तर तीही तो कुरतडेल. ती पोटात फुगते आणि सशाला ओकता येत नाही. सावकाश होणारं नुकसान त्याच्या पसंतीत दिसत नाही. त्यात भक्ष्य होणारं जनावर दुखणं लपवतं.

मामा : मग काहीच नको. उघडी जाळी ठेव, सगळं खाली पडेल.

मुक्ता : सशाच्या तळपायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. जाळीवर ते झिजतात, कातडी सोलवटते, जखमा चिघळतात. काही न अंथरणं हाही आपणच घेतलेला निर्णय.

मामा : खरं तर ससा घरात आणावा का, हाच पहिला प्रश्न होता.

मुक्ता : होता. पण तो आणायच्या आधी विचारायचा. आता हा आठ-दहा वर्षं इथेच राहणार, आणि त्याची जमीन माझ्या हातात आहे.

मामा : बरं, तू काय अंथरतेस?

मुक्ता : खाली कागदाच्या दाबून केलेल्या गोळ्या, वर वाळलेल्या गवताचा जाड थर. गवत टाकलं की तो आधी पुढच्या पायांनी उकरतो, एक लांब काडी ओढतो आणि ती चावत चावत मागे सरकून कोपऱ्यात बसतो. खाणं आणि लेंड्या, दोन्ही एकाच बैठकीत. म्हणून अंथरूण खाल्लं तरी चालेल असंच हवं. गोळ्या महाग पडल्या तर वर्तमानपत्राच्या पट्ट्या, गुळगुळीत रंगीत पुरवण्या वगळून. भाताचं तूस टोकदार असतं आणि धूळही फार. पावसाळ्यात पेंढा दमट लागला तर सरळ फेकायचा, बुरशी धरते.

मामा : कागदानं वास कुठे मरतो?

मुक्ता : ढलप्यांनीही तो मरत नाही, झाकला जातो. खाली अमोनिया तसाच राहतो आणि सशाची श्वासनलिका जाळतो. त्यावर उपाय एकच, ओला भाग रोज काढायचा. पोतं नेण्याआधी जरा खाली बस. नाक ट्रेपाशी ने, सशाचं असतं तेवढ्या उंचीवर. डोळे चुरचुरले तर सांग, ट्रे आत्ताच रिकामा करते.