हद्दीतला हद्दपार

फेब्रुवारी उजाडला की ‘आद्य क्रांतिकारक’ या पदवीवरून जुंपते. ३ तारखेला उमाजी नाईकांची पुण्यतिथी, १७ तारखेला वासुदेव बळवंत फडक्यांची. सनावळीच पाहायची तर वाद एका ओळीत मिटतो: १८३२ मध्ये पुण्यात उमाजी फासावर गेले, तेव्हा फडक्यांच्या जन्माला तेरा वर्षे अवकाश होता. तरी भांडण मिटत नाही, कारण ते सनावळीचे नाहीच. ते जातीचे आहे, फक्त तसे म्हणायची कुणाची तयारी नाही.

फडक्यांचा पहिला दरोडा शिरूर तालुक्यातल्या धामारीत पडला, फेब्रुवारी १८७९ मध्ये. ‘दरोडा’ हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. ‘मोहीम’ म्हटले, की लष्करी हिशेब खात्यातला कारकून एका रात्रीत सेनापती होतो आणि प्रश्नच संपतात.

मुलूख आधीपासून धुमसत होता. मे १८७५ मध्ये सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात. आजचा दौंडचा पट्टाही त्यातच. लोण शिरूरपर्यंत गेले. पाठोपाठ १८७६-७७चा दुष्काळ पडला. तरीही फडक्यांमागे कुणबी फारसा गेला नाही. त्याला सावकाराचा कागद जाळायचा होता. राज्य कुणाचे, हा त्याच्या लेखी पुढचा प्रश्न.

गेले ते उमाजींच्या जातीचे रामोशी. त्यांच्याबद्दल एक ठरीव वाक्य आहे: फडक्यांना ध्येय होते, साथीदारांना लुटीतला वाटा. साक्षीला खुद्द फडक्यांचे आत्मकथन काढले जाते. त्यात रामोश्यांच्या पैशाच्या ओढीबद्दल कडवट तक्रार आहेच. प्रस्तुत लेखकानेही हे वाक्य बरीच वर्षे निमूटपणे गिरवले.

आता ते गळी उतरत नाही. इंग्रजी अमलात ज्यांची गावराखणीची कामे गेली, दुष्काळात ज्यांची चूल विझली, त्यांनी वाटा मागितला की तो लोभ. आणि फौज उभारायला सावकाराची तिजोरी फोडली की ते ध्येय? शिवाय मे १८७९ मध्ये पळस्पे-चिखली लुटून परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीशी लढता लढता पडले ते रामोशी म्होरके दौलतराव नाईक. वाट्यापुरता आलेला माणूस असा मरत नाही. हिशेब खात्यात मुरलेल्या फडक्यांच्या हिशेबातली ही चूक त्यांच्या भक्तांनी आजवर तपासलेली नाही.

लढणाऱ्याला काय द्यायचे, हा प्रश्न दुसरीकडेही पडला होता. पोलंड-लिथुआनियाचा सेनानी कोश्चुश्को याने १७९४ मध्ये रशियाविरुद्ध उठाव केला. एप्रिलमध्ये राक्लावित्सेच्या लढाईत शेतकरी गवत कापायची लांब पाती घेऊन उतरले. मे महिन्यात निघालेल्या जाहीरनाम्याने भूदासांची वेठ कमी केली. वेठ संपली नाही, पण लढणाऱ्याच्या पदरात काही पडले. फडक्यांच्या हाती द्यायला लुटीतल्या वाट्याखेरीज काही नव्हते, आणि तोच मागितला म्हणून राग.

हा राग जमेस धरला तरी फडके लहान होत नाहीत. जुलै १८७९ मध्ये विजापूरकडच्या देवर नावडगीला ते पकडले गेले. पुण्यातल्या खटल्यात वकीलपत्र घ्यायची छाती सार्वजनिक काकांनी दाखवली. शिक्षा झाली जन्मठेप काळ्या पाण्याची. रवानगी एडनला. तिथल्या कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडून ते पळाले आणि पुन्हा पकडले गेले.

कोश्चुश्को १८१७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारला. त्याचा देह पुढे क्राकूवच्या कॅथेड्रलमध्ये राजांच्या शेजारी विसावला. फडके १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात वारले, वयाच्या ३७व्या वर्षी. समुद्रापलीकडच्या या हद्दपाराची सरकारदरबारी हद्द मात्र बदललीच नव्हती: एडनचा कारभार तेव्हा मुंबई इलाख्याकडे होता, धामारीचाही.