कमानीच्या पोटातील चुना

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी ठाण्याहून कल्याणास आगगाडीने प्रवास केला असेल. मुंबई ते ठाणे हा मार्ग १८५३ च्या एप्रिलात सुरू झाला, आणि खाडीवर पूल बांधून १८५४ च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस तो कल्याणापर्यंत नेण्यात आला. पुढे रस्त्यांवर व ओढ्यांवर ठिकठिकाणी कमानी घातल्या गेल्या. कमानीखालून बैलगाडी हाकणारा शेतकरी व वरून जाणारा उतारू गवंड्याचे नाव विचारीत नाहीत; आपला जीव मात्र त्याच्या हवाली करतात.

आता प्रश्न असा की, जे काम कोणाच्या दृष्टीस पडणार नाही ते नीट करण्यास मनुष्य कोणाचा बांधलेला आहे? मालकाचा म्हणावे, तर त्यास बाहेरचा घडीव दगड दिसला म्हणजे पुरते. भोर घाटातील एक उंच पूल १८६७ च्या जुलैत, भर पावसाळ्यात, ढासळला. त्यावरून चार वर्षे गाड्या धावल्या होत्या! चौकशीत बांधणीच सदोष ठरली. खांबाच्या पोटातील चुना कच्चा राहिला अथवा दगडास दगड सांधला नाही, तर पाणी आत शिरते, आणि बाहेरून पाहणाऱ्यास वर्षानुवर्षे काही कळत नाही.

गवंड्यावरच सारा बोल लावणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. त्या घाटात एका वेळी चाळीस हजारांवर मजूर राबत होते, व पटकीने आणि इतर रोगांनी त्यांतील हजारो मेले. पोटासाठी राबणाऱ्यास वरून घाई झाली, तर दोषाचा मोठा वाटा घाई करणाऱ्याचा. तरी ज्याच्या हाती थापी होती तो अगदीच सुटला काय? ज्याचे तोंड त्याने कधी पाहिले नाही त्या उतारूचा तो ऋणी आहे. पौलाने कलस्सैकरांस लिहिताना तोंडदेखल्या चाकरीचा निषेध केला, तो दासांस उद्देशून, हे विसरू नये.

आमच्या उपदेशक बंधूंचे कामही असेच झाकलेले आहे. बाप्तिस्म्यासाठी आलेल्या कुटुंबाकडून दहा आज्ञा पाठ करविल्या, वहीत नावे चढली, अहवालात आकडा गेला. पुढे त्या घरी तान्हे मूल दगावते, आणि शेजारी म्हणतात की देवी कोपली. तेव्हा नुसते पाठांतर भार घेत नाही. त्या रात्रीसाठी अहवालात रकाना नाही. आकड्यांची घाई वरून झाली असेल, तर ती करणाऱ्यांनीही आपल्यापुरते पाहावे. पण जेथे शिकविणे उरकून घेतले, तेथे पावसाळ्याच्या आत पुन्हा जाऊन त्या माणसांच्या शंका ऐकण्यास एक संध्याकाळ देता येईल. वही घरी ठेवावी.